विना इंजिनाचे विमान आणि हाताचा हुनर

पतंगाची कमान तासणाऱ्या कारागिराला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. बांबूची काडी दोन्ही बाजूंना सारखीच वाकली पाहिजे. एक बाजू केसभर जाड राहिली, तर पतंग हवेत गेल्यावर एका अंगाला झुकतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानासमोर उभे राहते. पतंगाचे वजन काही ग्रॅम, पण त्याचा तोल साधायला उस्तादाचा हात लागतो.

आज ज्या धंद्याची ओळख आम्ही करून देत आहोत, त्याचे मर्मही हेच आहे. रेडिओवर चालणारे छोटे ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेले, पंखा नसलेले विमान. हलके लाकूड, फोम किंवा फायबर यापासून ते बनते. डोंगराच्या कडेवर उभे राहून ते हाताने वाऱ्यात सोडतात आणि हातातल्या ट्रान्समीटरने चालवतात. वारा असेल तोवर, कधी तासन्‌तास, ते हवेत राहते. जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, चेक प्रजासत्ताक या देशांत हा छंद अनेक दशकांचा आहे. छंद म्हटला की त्यामागे धंदा येतोच. लाकूड विकणारे, सुटे भाग विकणारे, विमान बांधून देणारे आणि मोडलेले दुरुस्त करणारे अशा सर्वांचे पोट त्यावर चालते.

यात आपल्या कारागिरांसाठी काही आहे काय? आहे. पण पहिल्या नजरेत जिथे दिसते तिथे नाही. म्हणून आधी हे काम नीट समजून घेऊ.

वारा हेच इंधन

वारा डोंगराच्या उतारावर आदळला की त्याला पुढे जायला वाट राहत नाही. तो उताराला घासून वर चढतो. ग्लायडर स्थिर हवेत सावकाश खाली येत असते, समजा सेकंदाला अर्धा मीटर. उतारावरची हवा सेकंदाला दोन मीटर वेगाने वर जात असेल, तर ग्लायडर त्या हवेत खाली उतरत असूनही जमिनीपासून सेकंदाला दीड मीटर वरच जाते. समुद्रकाठच्या कड्यांवर घारी पंख न हलवता तरंगतात त्या याच हवेवर.

ही विद्या जुनी आहे. अमेरिकेत किल डेव्हिल हिल्स येथील वाळूच्या टेकडीवर २४ ऑक्टोबर १९११ रोजी ऑर्विल राइट यांनी इंजिनाविना ९ मिनिटे ४५ सेकंद हवेत राहून दाखवले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर इंजिनाची विमाने बनवण्याबाबत कडक बंधने आली. तेव्हा तेथील तरुण वासरकुपे नावाच्या डोंगरावर जमले आणि १९२० साली तिथे ग्लायडरच्या स्पर्धा सुरू झाल्या. बंधनातून एक नवा हुनर जन्माला आला. छोट्या ग्लायडरची कला याच मोठ्या ग्लायडरच्या मागोमाग वाढली.

आज ती कुठे पोहोचली आहे, याचा एक दाखला पुरे. २०२१ साली कॅलिफोर्नियातील पार्कर माउंटन येथे स्पेन्सर लिझेनबी यांच्या ग्लायडरचा वेग ताशी ५४८ मैल, म्हणजे सुमारे ८८२ किलोमीटर मोजला गेला. इंजिन नाही, इंधन नाही. डोंगराच्या माथ्यावरचा वेगवान वारा आणि माथ्यामागची शांत हवा यांतून गोल गोल फिरवत हा वेग वाढवत नेतात. इतक्या वेगात पंख तुटला नाही, याचे श्रेय उडवणाऱ्याइतकेच बांधणाऱ्यालाही आहे.

ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब

लाकडी ग्लायडरचे मुख्य लाकूड म्हणजे बाल्सा. हे झाड झपाट्याने वाढते आणि जगाचा बहुतेक पुरवठा दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशातून होतो. विमानासाठी वापरतात त्या बाल्साच्या एका घनमीटरचे वजन साधारण १०० ते १६० किलो भरते, तर त्याच मापाचे सागवान सहाशे किलोच्या पुढे जाते. पण सगळा बाल्सा सारखा नसतो. एकाच गठ्ठ्यातील दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक निघू शकतो. म्हणून जाणकार कारागीर दुकानात सोनारासारखा काटा घेऊन बसतो. हलकी फळी शेपटासाठी, मजबूत फळी पंखाच्या कण्यासाठी. रेषा पाहूनही निवड होते. सहज वाकणारी फळी पंखाच्या पुढच्या कडेला गुंडाळायला घेतात आणि ताठ, न वाकणारी फळी आतल्या फासळ्यांसाठी ठेवतात.

पंखाच्या आत वर एक आणि खाली एक अशा दोन लांब पट्ट्या असतात. हवा पंखाला वर उचलते तेव्हा वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दोघींच्या मध्ये उभ्या रेषांच्या बाल्साचे तुकडे चिकटवतात. हे तुकडे नसतील तर वरची पट्टी वाकून मोडते. पुलाची तुळई बांधणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पूर्वी या पट्ट्या स्प्रूस लाकडाच्या असत. आता त्या जागी कार्बन फायबरही वापरतात.

खरी परीक्षा शेपटाची. समजा शेपूट तोलाच्या बिंदूपासून जितके लांब आहे, त्याच्या एक तृतीयांश अंतरावर नाक आहे. मग शेपटाकडे १० ग्रॅम वजन जास्त झाले, तर तोल साधायला नाकात ३० ग्रॅम शिसे भरावे लागते. म्हणजे १० ग्रॅमच्या निष्काळजीपणाची किंमत ४० ग्रॅम. गोंदाचा एक थेंब, रंगाचा एक जादा हात, सगळे इथे हिशेबात येते. तोलाचा बिंदू साध्या ग्लायडरमध्ये बहुधा पंखाच्या रुंदीच्या पुढून एक तृतीयांशाच्या आसपास ठेवतात. बिनशेपटाच्या विमानात तो आणखी पुढे लागतो. तो जागेवर नसेल तर महागडा रेडिओही विमान वाचवू शकत नाही.

शेवटी पंखावर पातळ प्लास्टिकचा कागद इस्त्रीने चढवतात. गरम झाला की तो आकसतो आणि ढोलासारखा ताणला जातो. एका बाजूने जास्त आकसला तर पंखाला पीळ पडतो आणि विमान सतत एका बाजूला वळते. पतंगाच्या कमानीची गोष्ट इथे पुन्हा येते.

वजन मात्र नेहमीच शत्रू नसते. वारा जोराचा असेल तर हलके ग्लायडर पुढे सरकतच नाही. अशा वेळी पंखात मुद्दाम पितळ किंवा शिशाच्या कांड्या भरतात. उताराच्या स्पर्धांचा एक आंतरराष्ट्रीय प्रकार आहे, त्याला एफ-३-एफ म्हणतात. १०० मीटरच्या अंतरात दहा फेऱ्या मारायच्या आणि वेळ मोजायचा. त्यात विमानाचे वजन ५ किलोपर्यंत चालते. आधी हलके बांधायचे आणि मग लागेल तेवढेच वजन लागेल तिथे घालायचे, हा त्यातला धडा आहे.

बाजार कसा पालटला

पूर्वी दुकानातून लाकडी भागांचा डबा मिळे. गिऱ्हाईक महिनाभर घरी बसून विमान बांधी. जर्मनीतील ग्राउप्नर ही कंपनी १९३० साली सुरू झाली आणि अशा डब्यांसाठी जगभर ओळखली गेली. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत झागीसारखी फोमची, बिनशेपटाची विमाने आली. त्यांचा फोम रबरासारखा लवचिक. डोंगरावर आपटले तरी उचलून पुन्हा सोडता येई. त्यानंतर चीनमधून तयार फोमची विमाने स्वस्तात येऊ लागली. खोके उघडा, पंख लावा आणि उडवा. महिनाभर बसून बांधणारे गिऱ्हाईक कमी झाले. २०१२ साली ग्राउप्नरने दिवाळखोरीचा अर्ज केला.

मग हाताचे काम संपले काय? नाही, ते दुसरीकडे गेले. चेक प्रजासत्ताकातील साम्बा मॉडेल, युक्रेनच्या खारकीव शहरातील व्लादिमिर्स मॉडेल अशा कारखान्यांनी स्पर्धेची ग्लायडर हाताने बनवून जगभर नाव कमावले. साच्याला मेण लावायचे, त्यात आधी रंग फवारायचा, त्यावर काच किंवा कार्बनचे कापड आणि रेझिन, मग हवा काढून दाब द्यायचा, आणि दोन अर्धे भाग जोडून पोकळ पंख तयार करायचा. मालासाठी गिऱ्हाईक महिनोन्‌महिने थांबते. स्वस्त माल यंत्राने घेतला. अचूक मालाला मात्र हातच लागतो.

कच्च्या मालाचाही एक धडा आहे. पवनचक्कीच्या पात्यांच्या आत बाल्सा भरतात. २०२० च्या सुमारास चीनमध्ये पवनचक्क्यांची घाई झाली, इक्वेडोरमधील बाल्सावर उड्या पडल्या आणि भाव भडकले. छंदाच्या छोट्या दुकानांना त्याची झळ लागली. ज्या धंद्याचा कच्चा माल एकाच देशातून येतो, तिथे सगळी पुंजी एका गठ्ठ्यात अडकवू नये.

आपल्या कारागिराने काय करावे

या छंदाचे गिऱ्हाईक आपल्याकडे थोडे आहे. तेव्हा कर्ज काढून तयार विमानांचे दुकान थाटू नका. स्वस्त मालात कारखान्याशी आपली बरोबरी होणार नाही. आपली जागा दुरुस्तीची, अचूक सुट्या कामाची आणि शिकवण्याची आहे.

दुरुस्तीचे काम लहान वाटते, पण ते कुठे जात नाही. विमान आपटतेच. परदेशी कंपनी मोडका पंख दुरुस्त करून पाठवत नाही. फासळी बदलणे, पट्टीला तिरका सांधा देणे, फायबरला ठिगळ लावून घासून एकसारखे करणे, हे काम सुतार आणि फायबरचे कारागीर रोजच करतात. इथे फक्त जाडी मिलिमीटरच्या हिशेबात येते आणि वजन ग्रॅमच्या.

दुसरे काम गरम तारेचे. फोमच्या ठोकळ्याच्या दोन टोकांना पंखाच्या आकाराचे पत्रे लावून तापलेली तार त्यावरून फिरवली की पंखाचा गाभा तयार होतो. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली तेव्हा अनेक कारागिरांच्या हातातले काम गेले. तार चालवण्याचा तो हात इथे उपयोगी पडतो. माल मात्र वेगळा, लवचिक फोमचा घ्यावा.

तिसरे काम शिक्षणाचे. एनसीसीच्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती बनवणे आणि उडवणे हा प्रशिक्षणाचा भाग आहे. शाळा आणि इंजिनिअरिंग कॉलेजांतही अशा कामाची आवड वाढली आहे. मुलांना कल्पना असते, हात नसतो. जो कारागीर सरळ पंख बनवून दाखवतो आणि शिकवतो, त्याला तिथे मान आणि मेहनताना दोन्ही मिळू शकतात.

कायदा आणि खबरदारी

केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम प्रसिद्ध केले. दुरून चालवायची छोटी मानवरहित विमाने त्यांच्या कक्षेत येतात. छंदाच्या किंवा शिक्षणाच्या, २५ किलोपर्यंतच्या आणि नजरेच्या टप्प्यात उडवायच्या विमानांची त्यात वेगळी व्याख्या आहे. आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग आहेत. विमानतळ किंवा लष्करी ठाण्याजवळ परवानगीविना उडवाल तर माल जाईल आणि दंडही होईल. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी तयार ड्रोन आणि त्यांच्या जोडणीच्या संचांच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांना मुभा राहिली. नियम बदलत असतात. म्हणून माल मागवण्याआधी कस्टमचे काम पाहणाऱ्या एजंटकडून ताजी स्थिती लेखी घ्यावी.

आपल्या सह्याद्रीत वारा आहे आणि उतारही आहेत. कामशेत आणि पाचगणी येथे पॅराग्लायडर याच उचलीवर तरंगतात. त्यांच्या आकाशात आपले विमान सोडू नये, कारण तिथे माणसाचा जीव टांगलेला असतो. सरळसोट कड्याच्या माथ्यामागे हवा भोवऱ्यासारखी फिरते, तिथे विमान उतरवताना आपटते. गोल माथ्याचा, वाऱ्याकडे तोंड असलेला गवताळ उतार नवशिक्याला बरा. आणि वळण नेहमी डोंगरापासून दूर, वाऱ्याच्या दिशेने घ्यावे. डोंगराकडे वळले की मागून येणारा वारा विमानाला थेट उतारावर नेऊन आदळतो.

सुरुवात करायची तर एका फोमच्या पंखाने करावी. रिसिव्हर, सर्व्हो आणि बॅटरी बाजारातून घ्याव्या लागतील, त्यात आपली कमाई नाही. आपली कमाई पंखात आहे. तो बनवावा, काट्यावर तोलावा, मोडला तर दुरुस्त करावा आणि लागलेल्या प्रत्येक तासाची वहीत नोंद ठेवावी. दहा पंख झाले की वही स्वतःच सांगेल, हा धंदा आपल्याला परवडतो की नाही.