औषधप्रतिरोधाचे गणित

औषधामुळे विषाणूंत प्रतिरोध उत्पन्न होतो, असा समज रूढ आहे. एचआयव्हीच्या गणिती अभ्यासाने त्यास महत्त्वाची दुरुस्ती सुचविली. औषधारंभानंतर रक्तातील विषाणू कोणत्या वेगाने घटतात हे मोजून ॲलन पेरेल्सन, डेव्हिड हो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अवकल समीकरणांच्या साहाय्याने त्यांची उत्पत्ती काढली. ती प्रतिदिनी सुमारे एक हजार कोटी भरली. वर्षानुवर्षे स्तब्ध भासणाऱ्या रोगात अखंड उलाढाल चालू होती.

नवी पेशी बाधित होताना विषाणूच्या आरएनएची डीएनएत नक्कल होते व तीत चुका राहतात. एखादा विशिष्ट बदल लाख नकलांत एकदा घडतो व रोज एक कोटी पेशी बाधित होतात असे धरल्यास, तो रोज सुमारे शंभरदा घडेल. लॅमिव्ह्युडीन निष्प्रभ होण्यास असा एकच बदल पुरतो. अर्थात प्रतिरोधी विषाणू बहुधा आधीच विद्यमान असतो. औषध त्याची निवड करते. परस्परनिरपेक्ष असे दोन बदल एकाच नकलेत येण्यास सरासरी सुमारे पावणेतीन वर्षे, तर तीन बदलांस पावणेतीन लाख वर्षे लागतील. तीन औषधे एकत्र देण्यामागील युक्तिवाद हाच होय.

मात्र विषाणूंची वाढ पूर्णपणे रोखली गेली आहे, हे ह्या युक्तिवादाचे गृहीतक आहे. मात्रा वारंवार चुकल्यास औषधाची पातळी अपुरी पडते, अंशतः प्रतिरोधी विषाणू वाढू लागतात आणि बदल एकामागून एक साठत जातात. मग वरील गुणाकार लागू पडत नाही.