अल्पदाब एकदिश प्रणालीतील बॅटरी केबल व फ्यूज

बॅटरी केबल म्हणजे बॅटरी (घटमाला) आणि इन्व्हर्टर, स्टार्टर, चार्जर यांसारख्या उपकरणांना जोडणारी, मोठा एकदिश प्रवाह (डीसी) वाहून नेणारी जाड व लवचिक तार होय. फ्यूज (वितळतार) हे त्या केबलचे संरक्षण करणारे साधन आहे. प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास फ्यूजमधील धातूची पट्टी वितळते व मंडल खंडित होते. केबल किती जाड असावी आणि फ्यूज किती अँपिअरचा असावा, हे दोन निर्णय परस्परांवर अवलंबून असल्यामुळे ते एकत्रच घ्यावे लागतात.

12, 24 आणि 48 व्होल्टच्या प्रणालींना व्यवहारात 'लो व्होल्टेज' म्हटले जाते. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या वर्गीकरणात 120 व्होल्टपर्यंतचा एकदिश दाब अतिअल्प दाब या गटात येतो.

## वापराची क्षेत्रे

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमनामुळे घरगुती इन्व्हर्टर आणि बॅटरी यांचा प्रसार झाला. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी व वरूड हे तालुके संत्रा बागांसाठी प्रसिद्ध आहेत. अशा कृषिप्रधान भागात अल्पदाब एकदिश प्रणालीची विविध रूपे आढळतात : घरातील 12 व्होल्टचा इन्व्हर्टर, ट्रॅक्टरचा स्टार्टर, पाठीवरचा बॅटरी फवारणी पंप, शेतातील कोठ्यावरचे सौर दिवे आणि रानडुक्कर व रोही यांच्यापासून पिकाचे रक्षण करणारे कुंपणाचे 'झटका मशीन'.

सौर कृषिपंप मात्र सहसा या गटात मोडत नाहीत. मोठ्या पंपांच्या सौर पॅनेलमालिकेचा एकदिश दाब शेकडो व्होल्ट असू शकतो आणि त्यांत बहुधा बॅटरी नसते. त्यामुळे 12 किंवा 24 व्होल्टसाठी बनवलेले फ्यूज तेथे वापरणे धोक्याचे ठरते.

## कमी दाब, जास्त प्रवाह

विद्युतशक्ती ही दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार असते. त्यामुळे तेवढ्याच शक्तीसाठी दाब कमी झाला की प्रवाह त्या प्रमाणात वाढतो. 1000 वॅट शक्तीसाठी लागणारा प्रवाह साधारण असा असतो :

- 230 व्होल्ट : 4.3 अँपिअर
- 48 व्होल्ट : 21 अँपिअर
- 24 व्होल्ट : 42 अँपिअर
- 12 व्होल्ट : 83 अँपिअर

केबलमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाल्यास उष्णता चौपट होते. 12 व्होल्टच्या बॅटरीला कोरड्या हाताने स्पर्श केल्यास सहसा धक्का जाणवत नाही. त्यामुळे ती निरुपद्रवी असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात या प्रणालीतील मुख्य धोका विजेच्या धक्क्याचा नसून आगीचा आहे. बॅटरीचा अंतर्गत रोध 5 मिलिओहम धरला, तर तिची दोन टोके थेट जोडली गेल्यावर 12 ÷ 0.005 म्हणजे सुमारे 2400 अँपिअर प्रवाह वाहू शकतो. एवढ्या प्रवाहाने बारीक तार क्षणार्धात लाल होते आणि तिचे आवरण पेटते.

## केबलची निवड

केबलची जाडी दोन स्वतंत्र कसोट्यांवर तपासली जाते. दोन्ही कसोट्यांतून येणाऱ्या आकारांपैकी मोठा आकार घेतला जातो.

### तापमानाची कसोटी

प्रत्येक केबलची प्रवाहवहन क्षमता तिच्या तांब्याच्या छेदावर, आवरणाच्या प्रकारावर, ती मोकळ्या हवेत आहे की नळीत यावर आणि सभोवतालच्या तापमानावर अवलंबून असते. साध्या पीव्हीसी आवरणाची कमाल मर्यादा 70 अंश सेल्सिअस असते. 30 अंश हवामान गृहीत धरून केलेल्या तक्त्यातील आकडा 45 अंशांवर 0.79 ने, तर 50 अंशांवर 0.71 ने गुणावा लागतो. अकोला-अमरावती भागात मे महिन्यात तापमान 45 अंशांपुढे जाते आणि टिनाच्या छताखाली ते आणखी जास्त असते. म्हणून वऱ्हाडात ही सुधारणा वगळता येत नाही. काही भारतीय तक्ते 40 अंशांवर आधारलेले असतात. त्यामुळे तक्त्याचे मूळ तापमान पाहूनच गुणक लावावा लागतो.

### दाबघटीची कसोटी

केबलच्या रोधामुळे तिच्या दोन टोकांदरम्यान काही व्होल्ट खर्ची पडतात. तांब्याच्या केबलसाठी पुढील सूत्र वापरतात :

दाबघट = 2 × अंतर (मीटर) × प्रवाह (अँपिअर) × 0.0172 ÷ छेद (चौरस मिलिमीटर)

प्रवाह जाऊन परत येतो, म्हणून अंतर दुप्पट धरले जाते. 0.0172 हा आकडा 20 अंशांवरील तांब्याचा आहे. केबल तापल्यावर रोध वाढतो आणि 70 अंशांवर तो सुमारे एकपंचमांशाने जास्त असतो. दाबघट सामान्यतः 3 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे.

समजा, कोठ्यावरील बॅटरीपासून 20 मीटर अंतरावर 12 व्होल्ट, 5 अँपिअरचे दिवे आहेत. 2.5 चौ. मिमी तार 5 अँपिअर प्रवाह न तापता वाहून नेते, पण तिच्यात सुमारे 1.4 व्होल्ट, म्हणजे जवळपास साडेअकरा टक्के दाब खर्ची पडतो आणि दिवे मंद होऊ शकतात. 10 चौ. मिमी तारेत ही घट सुमारे 0.34 व्होल्ट, म्हणजे 3 टक्क्यांच्या आत राहते. लांब अंतरावर दाबघट निर्णायक ठरते, तर कमी अंतरावर व मोठ्या प्रवाहाला तापमान निर्णायक ठरते.

### केबलचा प्रकार

भारतात केबलचा आकार चौरस मिलिमीटरमध्ये सांगतात : 6, 10, 16, 25, 35, 50, 70 इत्यादी. अमेरिकी गेज आणि ब्रिटिश गेज यांचे आकडे वेगवेगळे आहेत. त्यामुळे केवळ 'गेज' सांगून घेतलेली केबल चुकीची निघू शकते. असंख्य बारीक तारांची लवचिक केबल बॅटरीसाठी सोयीची असते. वेल्डिंग केबलही याच कारणाने वापरली जाते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध त्याच आकाराच्या तांब्यापेक्षा बराच जास्त असतो. अशी तार वजनाला हलकी लागते आणि खरवडल्यावर आतून रुपेरी दिसते.

## फ्यूजची निवड

फ्यूज उपकरणासाठी नसून प्रामुख्याने केबलसाठी असतो, हे या विषयातील मूलतत्त्व आहे. त्याचा आकडा सततच्या प्रवाहाहून जास्त आणि केबलच्या सुधारित क्षमतेहून कमी किंवा तिच्याएवढा असावा. सततच्या प्रवाहाला 1.25 ने गुणून त्यापुढचा उपलब्ध फ्यूज घेण्याची पद्धत आहे. तो फ्यूज केबलच्या क्षमतेपेक्षा मोठा निघाल्यास केबल जाड घ्यावी लागते.

याच कारणाने छोट्या भारालाही फ्यूज लागतो. झटका मशीन अत्यल्प प्रवाह घेते. परंतु त्याची बारीक तार मोठ्या बॅटरीला जोडलेली असल्यास शॉर्ट सर्किटच्या वेळी बॅटरी आपला पूर्ण प्रवाह त्या तारेतून ढकलते. म्हणून जेथे जाड केबलपासून बारीक तार फुटते, तेथे त्या तारेसाठी वेगळा लहान फ्यूज बसवला जातो.

आकड्याशिवाय आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात :

- एकदिश दाबाची मर्यादा : 50 हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. त्यामुळे फ्यूज वितळताना पेटलेला आर्क विझण्यास मदत होते. एकदिश प्रवाह शून्यावर येत नाही. घरगुती वीजजोडणीसाठीचा फ्यूज किंवा एमसीबी बॅटरीला लावल्यास आर्क पेटत राहू शकतो. म्हणून साधनावर डीसी दाबाचा स्पष्ट उल्लेख असणे आवश्यक आहे.
- खंडनक्षमता : शॉर्ट सर्किटचा जो सर्वांत मोठा प्रवाह फ्यूज न फुटता तोडू शकतो, ती त्याची खंडनक्षमता होय. लोह-फॉस्फेट लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध कमी असल्याने तिच्यासाठी ही क्षमता विशेष महत्त्वाची ठरते. अशा मोठ्या बॅटरीसंचांना क्लास-टी प्रकारचे फ्यूज लावले जातात.

### फ्यूजची जागा

फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितक्या जवळ बसवतात. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधील केबलला कोणतेही संरक्षण नसते. नौकांसाठीच्या अमेरिकी मानकात हे अंतर सर्वसाधारणपणे 7 इंच आहे. ट्रॅक्टर व मोटारींच्या स्टार्टर केबलवर मात्र सहसा फ्यूज नसतो, कारण स्टार्टर सुरुवातीला काही क्षण शेकडो अँपिअर खेचतो. तेथे केबलची कमी लांबी, घट्ट बांधणी आणि घासण्यापासून संरक्षण यांवरच भिस्त असते.

## उदाहरण

12 व्होल्टच्या घरगुती इन्व्हर्टरवर 600 वॅटचा भार आहे आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता 85 टक्के आहे, असे मानू. बॅटरी उतरत आल्यावर तिचा दाब 10.5 व्होल्ट होतो. तेव्हा प्रवाह 600 ÷ (10.5 × 0.85), म्हणजे सुमारे 67 अँपिअर होतो. 1.25 ने गुणल्यास 84 अँपिअर येतात, म्हणून 100 अँपिअरचा फ्यूज घ्यावा लागतो. 45 अंशांवर केबलने 100 अँपिअर वाहायचे असल्यास तक्त्यातील तिची 30 अंशांवरची क्षमता 100 ÷ 0.79, म्हणजे किमान 127 अँपिअर हवी. मोकळ्या हवेत 25 चौ. मिमी पीव्हीसी केबल या अटीत जेमतेम बसते. म्हणून 35 चौ. मिमी केबल घेणे श्रेयस्कर असते.

दीड मीटर अंतरासाठी 35 चौ. मिमी केबलमध्ये सुमारे 0.1 व्होल्ट घट होते. त्याऐवजी 6 चौ. मिमी तार वापरल्यास 0.58 व्होल्ट घट होते, जवळपास 39 वॅट उष्णता तारेतच निर्माण होते आणि कमी दाबामुळे इन्व्हर्टर लवकर बंद पडतो. अशा वेळी दोष तारेचा असूनही बॅटरी खराब झाल्याचा समज होऊ शकतो.

## जोडण्या आणि देखभाल

योग्य जाडीची केबलही सैल जोडणीमुळे तापते. केबलच्या टोकाला तिच्याच आकाराचा लग (थिंबल) क्रिंपिंग अवजाराने दाबून बसवतात. हातोडीने ठोकलेला लग कालांतराने ढिला होतो. शिसे-आम्ल बॅटरीच्या टोकांवर जमणारा पांढरा किंवा हिरवट थर रोध वाढवतो. बॅटरीचे कनेक्शन सोडून तो साफ करतात व जोडणी घट्ट केल्यावर टोकांना पेट्रोलियम जेली लावतात. केबल सोडताना आधी ऋण टोक सोडतात व जोडताना ते शेवटी जोडतात, म्हणजे पाना वाहनाच्या सांगाड्याला लागूनही शॉर्ट सर्किट होत नाही.

फ्यूज उडाल्यावर त्याच्या जागी तारेचा तुकडा किंवा मोठा फ्यूज बसवण्याची सवय सर्वांत घातक मानली जाते. त्यामुळे वीज पुन्हा सुरू होते, पण यापुढे दोष आल्यास फ्यूजऐवजी केबल वितळते. फ्यूज पुन्हा उडत असल्यास भार, केबलचे आवरण व जोडण्या तपासून मूळ दोष काढणे हाच योग्य उपाय आहे.

## मानके

भारतीय मानक ब्यूरोच्या मानकांपैकी पुढील मानके या विषयाशी संबंधित आहेत :

- आयएस 694 : पीव्हीसी केबल
- आयएस 2465 : मोटारवाहनांच्या केबल
- आयएस 9857 : वेल्डिंग केबल
- आयएस 17293 : सौर प्रणालींच्या एकदिश केबल
- आयएस 13703 : अल्पदाब फ्यूज

वाहनांतील फ्यूजसाठी आयएसओ 8820 ही आंतरराष्ट्रीय मानकमालिका आहे.