घामाची बचत आणि आठवड्याचा सट्टा

मुंबईच्या दलाल स्ट्रीटचा आणि मोहोळचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न वीस वर्षांपूर्वी कोणी विचारला असता तर तो थट्टेचाच विषय झाला असता. मोहोळ हे सोलापूर-पुणे मार्गावरचे तालुक्याचे गाव. ज्वारीचा भाव, उसाचे बिल आणि सीनेचे पाणी हेच तेथील चिंतेचे आणि चर्चेचे विषय. शेअर बाजार ही मुंबईच्या दलालांची मिरासदारी, अशीच सर्वांची समजूत होती. ती समजूत आता साफ खोटी ठरली आहे. रोखे बाजाराचे नियमन करणाऱ्या 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी ७२ टक्क्यांहून अधिक लोक देशातील तीस मोठ्या शहरांच्या बाहेरचे होते. म्हणजे हा प्रश्न आता एकट्या मुंबईचा राहिलेला नाही. तो मोहोळसारख्या गावांच्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे.

त्या पाहणीतील इतर आकडे कोणाही विचारी माणसाची झोप उडवतील असे आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी शंभरातील ९३ जणांनी पैसे गमावले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेला. खर्च वजा जाता लाखाच्या वर नफा मिळवणारे शंभरात एक! २०२४-२५ या एकाच वर्षात निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटींवर पोहोचला. या लोकांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक जणांचे जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत होते, आणि २०२३-२४ मध्ये त्यांतले ४३ टक्के तिशीच्या आतले होते. ही धनिकांची चैन नव्हे. शिक्षक, कारकून आणि छोटे बागायतदार यांच्या घरांतील ही मुले आहेत, आणि बुडालेला पैसा बहुधा वडिलांच्या घामाचा आहे.

ऑप्शन म्हणजे जुन्या बाजारातील तेजी-मंदी. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या भावाने शेअर किंवा निर्देशांक घेण्याचा वा विकण्याचा हक्क थोडी रक्कम भरून विकत घ्यावयाचा. भाव मनासारखा गेला तर लाभ, न गेला तर भरलेली रक्कम बुडाली. ज्याच्याजवळ लाखोंचे शेअर आहेत त्याला हा सौदा विम्यासारखा उपयोगी पडतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्याच्याजवळ एकही शेअर नाही, त्याने दर आठवड्याला मुदत संपण्याच्या दिवशी निर्देशांक चढेल की उतरेल एवढ्यावरच पैसे लावावेत, याला गुंतवणूक कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? मटक्याचा आकडा घेणाऱ्याला १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली पोलीस धरून नेतात. कायद्याच्या दृष्टीने या दोहोंत भेद आहे. घर चालवणाऱ्या गृहिणीच्या दृष्टीने तो शोधूनही सापडणार नाही.

आपल्या पूर्वसूरींना हे कळत नव्हते असे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत धो धो वाहिला आणि युद्ध संपताच १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचा दिवस उजाडला, तेव्हा भल्याभल्या पेढ्यांची दिवाळी निघाली. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५६ च्या रोखे करार नियमन कायद्यात कलम २० घालून ऑप्शनचे सौदे सरळ बेकायदा ठरवले. १९९५ मध्ये ते कलम काढून टाकण्यात आले, २००१ मध्ये ऑप्शन्स बाजारात आले, आणि पुढे त्यांची मुदत महिन्यावरून आठवड्यावर आली. दार उघडले गेले. पण दारात पहारेकरी ठेवावा, याची आठवण फार उशिरा झाली.

हरणाऱ्यांचा पैसा जातो कोठे, हेही पाहिले पाहिजे. २०२३-२४ मध्ये, व्यवहारखर्च धरण्यापूर्वी, स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी मिळवले. त्यांतील बहुतेक नफा संगणकाच्या स्वयंचलित प्रणालींनी कमावलेला होता. क्षणार्धात सौदे करणाऱ्या त्या यंत्रापुढे मोहोळचा तरुण फोन घेऊन उभा राहतो, याला सामना म्हणता येत नाही. शिवाय तीन वर्षांत व्यक्तींनी सुमारे ५० हजार कोटी रुपये केवळ व्यवहारखर्चापायी मोजले. त्यात दलालांचा वाटा मोठा, शेअर बाजारांचाही आहे, आणि सरकारला त्यातून कर मिळतो. कुंपणाने शेत खाल्ले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पिकात कुंपणाचाच वाटा असला, तर राखण कशी होणार?

सेबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम कडक केले, हे योग्यच झाले. सौद्याचा किमान आकार १५ लाखांवर नेला आणि एका शेअर बाजाराला एकाच निर्देशांकावर साप्ताहिक सौद्यांची मुभा ठेवली. परंतु ऑप्शन घेणाऱ्याला पंधरा लाख मोजावे लागत नाहीत. तो फक्त हक्काची किंमत भरतो. आणि साप्ताहिक मुदतीचे दोन्ही बाजारांचे मिळून आठवड्यात दोन वार त्यानंतरही उरलेच. आपला पैसा हवा तसा उधळण्याचा हक्क सज्ञान नागरिकाला आहे, असे काही पंडित म्हणतात. आहे, पण समोरच्याच्या हातातले पत्ते कोणते हे त्याला कळू न देण्याचा हक्क कोणालाही नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आठवड्याचे सौदे बंद करून महिन्याचे तेवढे ठेवावेत. खाते उघडताना उत्पन्नाचा कागद जोडून घेण्याच्या उपचाराऐवजी ज्ञानाची आणि ऐपतीची खरी पारख व्हावी. दहापैकी नऊ जण तोट्यात जातात, ही सूचना २०२३ पासून पडद्यावर झळकते आणि अंगठ्याच्या एका स्पर्शाने नाहीशी होते. तिच्या जागी त्या माणसाचा स्वतःचा वर्षभराचा तोटा, मराठीत, रुपयांत, सौद्यापूर्वी त्याच्या डोळ्यांपुढे मांडावा.

शेअर बाजार वाईट, असा याचा अर्थ कोणी काढू नये. चांगल्या उद्योगात भागीदार होऊन दहा-पंधरा वर्षे थांबणे, हे शहाण्या गृहस्थाला शोभणारे काम आहे. याच मोहोळच्या संशोधन केंद्रात गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात मालदांडी ज्वारीतून 'एम ३५-१' हे वाण निवडले गेले, आणि आजही कोरडवाहू रब्बीत शेतकरी त्याच्यावर भरवसा ठेवतात. जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणाऱ्या त्या पिकाला महिने लागतात. त्याची रास आठवड्यात होत नाही, हे येथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याच्या मुलाने तेच शहाणपण पैशाच्या बाबतीत वापरावे, आणि तोवर नियामकाने त्याला खड्ड्यापासून दूर राखावे, एवढीच आमची मागणी आहे.