बंद बीजवाहिनी आणि स्त्रीचे वंध्यत्व

लग्नाला तीन-चार वर्षे उलटली आणि घरात पाळणा हलला नाही, की पहिला प्रश्न सुनेला विचारला जातो. नवस बोलले जातात, गंडेदोरे बांधले जातात, मुलाच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू होते. आणि हे सारे होईपर्यंत पतीची साधी वीर्यतपासणीही झालेली नसते. पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न करण्यास हिंदू विवाह कायद्याने १९५५ पासून मनाई आहे आणि अपत्यहीनता हे घटस्फोटाचे कारण त्या कायद्याने मानलेले नाही. तरीही अशा स्त्रीला डोहाळजेवणाचे बोलावणे टाळणारी घरे आजही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. दोष स्त्रीत असू शकतो, पुरुषात असू शकतो किंवा दोघांतही. स्त्रीच्या बाबतीतील एक प्रमुख कारण म्हणजे बीजवाहिनी बंद असणे.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना दहा ते बारा सेंटिमीटर लांबीची एकेक नळी असते. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ गॅब्रिएले फालोप्पिओ यांनी १५६१ मध्ये तिचे बारकाईने वर्णन केले आणि बाहेरच्या टोकाकडे रुंदावत जाणारा तिचा आकार पाहून तिला तुतारीची उपमा दिली. या रुंद टोकाला झालर असते. बीजकोशातून सुटलेले स्त्रीबीज ही झालर टिपून घेते. पुरुषबीजाशी त्याचे मीलन नळीतच होते आणि स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकत असल्याने ते वेळेवर व्हावे लागते. फलित बीज पुढे चार-पाच दिवसांत नळीच्या आतील सूक्ष्म केसांच्या हालचालीने गर्भाशयात पोहोचते. गर्भाशयाच्या भित्तीतून जाणारा नळीचा भाग एक मिलिमीटरहूनही अरुंद असतो. अशा नाजूक मार्गाला सूज आली, आतले अस्तर चिकटले किंवा झालर मिटली, तर मीलन होणार कोठून?

येथे एक गैरसमज आवर्जून दूर केला पाहिजे. “पाळी तर नियमित येते, मग नळी बंद कशी असेल?” असे पुष्कळ जणी विचारतात. पाळीचा रक्तस्राव गर्भाशयाच्या अस्तरातून होतो आणि त्याला चालना देणारे बीजकोशातील अंतःस्राव रक्तावाटे पोहोचतात. त्यांना नळीची गरज नसते. त्यामुळे दोन्ही नळ्या बंद असूनही पाळी महिन्याच्या महिन्याला येऊ शकते, आणि दुखण्याची कोणतीही खूण दिसत नाही.

नळी बंद का होते?

बहुतेक वेळा मूळ जंतुसंसर्गात असते. बाळंतपणात किंवा गर्भपातात अस्वच्छ हातांनी व हत्यारांनी शिरलेले जंतू, तसेच परमा व क्लॅमिडिया यांसारखे लैंगिक संसर्ग गर्भाशयातून वर चढून नळीपर्यंत जातात. क्लॅमिडियाची लागण तर अनेक स्त्रियांना जाणवतही नाही. फुटलेले अपेंडिक्स, ओटीपोटावरील जुन्या शस्त्रक्रिया आणि गर्भाशयाचे अस्तर भलत्या जागी वाढण्याचा विकार यांमुळेही नळ्या चिकटतात. गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये झाला. परंतु लाजेपोटी आणि गुप्ततेच्या लोभाने अपात्र व्यक्तीकडे जाणाऱ्या स्त्रीला पुढे त्याची किंमत मोजावी लागते.

ही दुखणी किती मुकाट्याने सोसली जातात, ते महाराष्ट्रानेच जगाला दाखवून दिले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक विकार होते, आणि पूर्वी त्यासाठी तपासणी व उपचार करून घेतलेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे ही बायकांच्या जातीला लागलेलीच दुखणी, असे समजून ती अंगावर काढली जातात. वेळीच घेतलेले प्रतिजैविक नळी वाचवू शकते. मात्र संसर्ग लैंगिक असेल तर पतीनेही औषध घेतले पाहिजे; नाहीतर पत्नी बरी होते आणि पुन्हा आजारी पडते.

क्षयाचा छुपा हल्ला

आपल्या देशात आणखी एका कारणाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. क्षय म्हणजे खोकला, असेच आपण धरून चालतो. परंतु क्षयाचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे बीजवाहिनीत जाऊन बसतात, तेही बहुधा ऐन तारुण्यात. खोकला नाही, ताप नाही, छातीचा क्ष-किरण फोटोही स्वच्छ. फक्त मूल होत नाही, किंवा पाळी हळूहळू कमी होत जाते. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून, जंतूंची वाढ करून किंवा दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहून निदानाचा प्रयत्न केला जातो. ते सोपे नाही. एखाद्या एकाच चाचणीच्या कागदावर विसंबून औषधे सुरू करणे योग्य नव्हे.

निदान पक्के झाल्यास क्षयाची औषधे शासकीय आरोग्य केंद्रातून मोफत मिळतात आणि साधारणतः सहा महिने ती अखंड घ्यावी लागतात. या औषधांनी जंतू मरतात, परंतु त्यांनी केलेले व्रण पुसले जात नाहीत. क्षय बरा झाला म्हणजे नळी उघडेलच असे नाही. हे सत्य रुग्णाला सुरुवातीलाच सांगितलेले बरे. मागाहून कळले तर तिचा औषधावरचा आणि डॉक्टरांवरचाही विश्वास उडतो.

तपासणी आणि उपाय

कोणतेही साधन न वापरता वर्षभर एकत्र राहूनही गर्भ राहिला नाही, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांहून अधिक थांबू नये. वीर्यतपासणी स्वस्त व बिनवेदनेची असल्याने ती आधी व्हावी. नळ्यांसाठी गर्भाशयाच्या मुखातून क्ष-किरणात दिसणारे द्रव्य सोडून फोटो काढतात. पाळी थांबल्यावर, बीज सुटण्याच्या आधीच्या दिवसांत ही तपासणी होते. कधी कधी नळी केवळ आकुंचन पावल्यामुळे बंद भासते. म्हणून शंका उरल्यास पोटाला लहान छेद देऊन दुर्बिणीतून खात्री केली जाते.

एकच नळी बंद असेल तर धीर सोडण्याचे कारण नाही. दुसऱ्या निरोगी नळीवाटे गर्भ राहू शकतो. गर्भाशयालगतचा अडथळा बारीक नळी घालून काही वेळा मोकळा करता येतो. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर मूल दगावलेल्या मातेची नळी पुन्हा जोडता येते. त्याचे यश निरोगी नळी किती उरली आहे यावर अवलंबून असते. पाणी भरून फुगलेली नळी मात्र घातक, कारण ते पाणी गर्भाशयात उतरून गर्भ रुजू देत नाही. अशी नळी काढून किंवा बांधून टाकल्यावरच पुढचा उपचार करणे हिताचे ठरते.

पुढचा उपचार म्हणजे शरीराबाहेर फलन, ज्याला लोक ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणतात. त्याची निर्मितीच मुळी बंद नळीला वळसा घालण्यासाठी झाली. इंग्लंडमधील लेस्ली ब्राऊन यांच्या दोन्ही नळ्या बंद होत्या. २५ जुलै १९७८ रोजी त्यांना कन्या झाली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुसरी कन्या जन्मली, पण त्यांच्या हयातीत त्यांच्या वाट्याला अविश्वासच आला. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या कार्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बालक जन्मले. पुढे याच आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रे तपासून पहिलेपणाचा मान त्यांना दिला. स्वतःचा मान सोडण्याचा असा मोठेपणा विरळाच.

हा उपचार खर्चिक आहे आणि प्रत्येक खेपेस यशाची हमी नाही. हमी देणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे. २०२१ च्या कायद्यानुसार अशा केंद्राची नोंदणी बंधनकारक असून उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० वर्षांच्या दरम्यान असावे लागते.

नळीला एकदा इजा झालेल्या स्त्रीला गर्भ नळीतच रुजण्याचा धोका अधिक असतो. पाळी चुकली, ओटीपोटात एका बाजूला कळ आली, घेरी आली, तर एक तासही न दवडता तिला रुग्णालयात न्यावे. फुटलेली नळी प्राणावर बेतते.

गावातील पात्र जोडप्यांची नोंदवही कुटुंबनियोजनासाठी ठेवली जाते. मूल नसलेल्या जोडप्यांचीही नोंद तीत असतेच, पण त्यांच्या दारी कोणी फारसे जात नाही. आशा कार्यकर्तीने एकदा जावे आणि पती-पत्नी दोघांशी बोलावे. जिल्हा रुग्णालयात जाताना जुने क्ष-किरण फोटो, गर्भाशयाच्या सफाईचे व शस्त्रक्रियेचे कागद आणि पूर्वी क्षयाची औषधे घेतली असल्यास त्यांचे कार्ड बरोबर नेण्यास सांगावे. हे कागद हरवल्यामुळे तीच तपासणी पुन्हा करावी लागते आणि तेवढ्यासाठी महिना-दोन महिने वाया जातात.