दहावीनंतरचा फाटा

दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न असतो: पुढे काय? उत्तर बहुधा गुणपत्रिकाच देते. भरपूर गुण असतील तर सायन्स, बेताचे असतील तर कॉमर्स किंवा आर्ट्स आणि अगदीच कमी असतील तर आयटीआय. ही उतरंड कोणत्याही कायद्याने घातलेली नाही. उलट ती मोडण्यासाठीच धोरणे आखली गेली.

कोठारी आयोगाची (१९६४-६६) अपेक्षा होती की, उच्च माध्यमिक टप्प्यावरची निम्मी मुले व्यवसायशिक्षणाकडे वळावीत. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९८६ च्या धोरणाने लक्ष्य खाली आणले: १९९० पर्यंत १० टक्के, १९९५ पर्यंत २५ टक्के. तेही गाठता आले नाही. २०२० च्या धोरणात उद्धृत केलेल्या अंदाजानुसार, १९ ते २४ वयाच्या कामकऱ्यांत औपचारिक व्यवसायशिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहून कमी आहेत. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के आहे.

याचे खापर सहसा हातकामाबद्दलच्या तुच्छतेवर फोडले जाते. ते अर्धेच खरे. पॉलिटेक्निकच्या डिप्लोमातही वर्कशॉप असते, तरी हुशार मुले तिकडे जातात. कारण डिप्लोमानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावीच्या व्यवसायशाखेची कल्पना मात्र मुख्यतः 'शिका आणि नोकरीला लागा' अशीच होती. सोळाव्या वर्षी पुढची दारे लावून घेणे कोणत्या आईबापांना परवडेल? गरिबांना तर नाहीच. त्यांच्या नकारात अज्ञानापेक्षा व्यवहारच अधिक आहे.

जर्मनीत उमेदवार कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकतो आणि आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत जातो. पुढे 'माइस्टर', म्हणजे उस्ताद कारागिराची परीक्षा दिली, तर २००९ पासून त्याला विद्यापीठाचे दारही उघडे आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा आपल्याकडे १९६१ पासून आहे; उणीव आहे ती अशा जोडरस्त्यांची.

आणखी एक उणीव आधीची आहे. ज्याने कधी वेल्डिंग केले नाही, त्याने ते निवडायचे कशाच्या जोरावर? पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमात मुले दहावीच्या आतच शेती, वीज, लोखंडकाम हाताळतात.

फाट्यापूर्वी हाताला ओळख आणि फाट्यानंतर परतीची वाट, एवढे मिळाले तरच सोळाव्या वर्षीच्या निर्णयाला निवड म्हणता येईल. तोवर ती गुणांनी केलेली वाटणीच राहील.