रस्त्याला लागणारा लोणा

जुन्या भिंतीला लोणा लागला की गिलावा फुगतो, पापुद्रे सुटतात आणि हात लावताच भुकटी झडते. डांबरी रस्त्यालाही हाच रोग जडतो, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

बडोद्याहून नैर्ऋत्येस जंबुसरकडे व तेथून कावीच्या किनाऱ्याकडे जाऊ लागले, म्हणजे खंबायतचे आखात जवळ येते आणि जमीन खारी होत जाते. दिव्याच्या वातीतून तेल चढावे, तशी अशा जमिनीतील ओल मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. उन्हाने पाण्याची वाफ होते. मीठ मागे राहते. मिठागरात हीच क्रिया संपत्ती निर्माण करते. जुन्या बडोदे संस्थानातील मिठापूरचा रसायन उद्योग १९३९ साली उभा राहिला, तो याच मिठाच्या आधारावर. रस्त्यात मात्र तीच क्रिया घात करते.

डांबराचा थर पातळ असला, तर वाफ त्यातून वाट काढते आणि मिठाचे स्फटिक थराखाली साठतात. वाढणारे स्फटिक डांबराला खडीपासून सोडवून वर उचलतात. सोडियम सल्फेट तर अधिकच घातक. ३२ अंश सेल्सिअसच्या खाली ओल मिळताच ते पाणी शोषून घेते आणि त्याचे आकारमान सुमारे चौपट होते.

रस्ता बिघडला की दोष अवजड वाहनांना दिला जातो. येथे प्रकार उलटा असतो. वर्दळीच्या रस्त्यावर चाकांच्या दाबाने फुगवटे पुन्हा बसतात. म्हणून हानी प्रथम दिसते ती रस्त्याच्या कडांना आणि तुरळक रहदारीच्या मार्गांवर. साहजिकच तिची झळ आडवळणाच्या गावांना अधिक लागते.

हे मीठ येते कोठून? खालच्या जमिनीतून, भरावाच्या मुरूम-वाळूतून आणि दबाईच्या वेळी मारलेल्या पाण्यातून. पहिली वाट निसर्गाची. उरलेल्या दोन माणसाने उघडलेल्या. विदर्भातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिण्यास जसे पारखून घ्यावे लागते, तसेच ते रस्त्यासाठीही पारखावयास हवे.

उपाय आहेत, परंतु ते बांधणीच्या वेळीच योजावे लागतात. माती व पाणी यांतील क्षार तपासावेत. भराव उंच घेऊन तळाशी जाड खडीचा थर द्यावा, म्हणजे ओलीची चढण तुटते. तयार पाया फार दिवस उघडा न ठेवता त्यावर डांबराचा जाड व घट्ट थर चढवावा. मागाहून खड्डे बुजविणे म्हणजे लोणा लागलेल्या भिंतीवर पुन्हा चुना फासणे होय. पैसा खर्च होतो आणि मीठ आपल्या जागी तसेच राहते.