आश्रमाबाहेरचा संसार

धोंडो केशव कर्वे यांच्यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं. हिंगण्याची झोपडी, पुण्याहून तिथवरची त्यांची रोजची पायपीट, महिला विद्यापीठ आणि 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी मिळालेलं भारतरत्न हे सगळं शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया, या चरित्रांत येतात त्या बहुधा लग्नाच्या प्रकरणापुरत्या. नंतर त्या स्वयंपाकघरात जातात आणि लेखकही त्यांना तिथेच सोडून देतात. त्या स्वयंपाकघरात काय चाललं होतं, हे नीट पाहिल्याशिवाय हिंगण्याच्या आश्रमाचा इतिहास पुरा होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

बाया मूळच्या देवरुखच्या जोशांच्या गोदूबाई. आठव्या वर्षी नातूंच्या घरात लग्न करून दिलं आणि तीन महिन्यांत कपाळ पांढरं झालं. नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत वैधव्य आलं. पुढचं तपाहून अधिक आयुष्य सासरी राबण्यात गेलं. बंधू नरहरपंत मुंबईत शिकत होते आणि धोंडोपंत कर्व्यांच्या बिऱ्हाडात राहत होते. त्यांनी बहिणीला मुंबईला आणलं. त्या बिऱ्हाडात कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई होती आणि लहानगा रघुनाथ होता. गोदूबाई राधाबाईंच्या हाताखाली घरकाम करू लागल्या. ज्या मुलाच्या त्या पुढे सावत्र आई झाल्या, त्याला त्यांनी आधी असं घरातल्या मावशीच्या नात्याने पाहिलं होतं. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून साऱ्या महाराष्ट्राचा रोष ओढवून घेणारे र. धों. कर्वे ते हेच.

11 मार्च 1889 रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. गोदूबाई तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी, आणि विधवांमध्ये पहिल्या. विशी ओलांडलेली, केशवपन केलेली बाई पाटीवर अक्षरं गिरवायला बसली. सदनात केस वाढू लागले. आज हे वाक्य सहज वाचून होतं. पण दर पंधरवड्याला न्हाव्यापुढे मान खाली घालून बसावं लागलेल्या बाईच्या डोक्यावर बोटभर केस येणं, ते विंचरायला फणी लागणं, ही त्या काळात गावभर चर्चेची गोष्ट होती.

राधाबाई 1891 साली वारल्या. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्याला आले होते आणि सदनही पुण्याला हललं होतं. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असा कर्व्यांचा निश्चय होता. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात त्यांचं गोदूबाईंशी लग्न झालं. कर्व्यांच्या गावाने, मुरुडने, त्यांना वाळीत टाकण्याचा ठराव केला. जन्मदात्या आईच्या घरातही त्यांना थारा उरला नाही.

इथवरची कथा सर्वांना माहीत आहे. मला सांगायचंय ते यानंतरचं.

त्याच 1893 साली सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातं, असा गवगवा झाला. रानडे-भांडारकर या सुधारकांनी सदनाचं सल्लागारपद सोडलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विधवांना शिकवायचं तर लोकांचा विश्वास गमावून चालणार नाही, हे कर्वे यातून शिकले. 1896 साली अनाथ बालिकाश्रम निघाला तेव्हा त्यांनी विधवाविवाहाचं काम आणि विधवांच्या शिक्षणाचं काम यांत कटाक्षाने अंतर ठेवलं. रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या हिंगण्याच्या जागेवर 1900 साली आश्रम गेला. कर्व्यांचा जीव तिथे गुंतला. पण पुनर्विवाह केलेली बाई आश्रमात वावरली, तर कोणता बाप आपली विधवा मुलगी तिथे धाडेल? म्हणून बाया पुण्यात राहिल्या. ज्यांच्या आयुष्यावरून त्या आश्रमाची गरज पटावी, त्यांनाच तो आश्रम वर्ज्य. हिंगण्याची जबाबदारी सांभाळायला गेल्या त्यांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले. त्याही विधवा. त्यांनी पुनर्विवाहाला नकार दिला होता आणि केशवपनही कैक वर्षं चालू ठेवलं होतं. दोन सख्ख्या बहिणी. एकीला आश्रमाचं दार उघडं, दुसरीला बंद, आणि कारण इतकंच की दुसरीने लग्न केलं.

मला यात कर्व्यांचा दोष काढायचा नाही. त्यांचा हिशेब व्यवहाराचा होता आणि तो बरोबर ठरला. पण त्याची किंमत कुणी मोजली, ते लिहून ठेवायलाच हवं.

बायांनी मग घरालाच आश्रम केलं. पुनर्विवाह करू पाहणाऱ्या विधवा कर्व्यांच्या घरी येऊन राहत. पुनर्विवाहितांची मुलं शिकायला येत, कारण त्या मुलांना दुसरीकडे पंगतीला बसवून घेणारं घर मिळणं मुश्कील होतं. त्यांचं जेवणखाण, आजारपण, रुसवेफुगवे बायांच्या गळ्यात. त्यात त्यांची स्वतःची तीन मुलं: शंकर, दिनकर, भास्कर. सुईणपणाचं शिक्षणही त्यांनी घेतलं. पैशाची ओढाताण कायमची होती. कर्व्यांनी आपली पाच हजारांची आयुर्विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली. घराजवळ दुसरी शिल्लक नव्हती. बायांना हे रुचलं नाही, आणि का रुचावं? एकदा वैधव्य भोगलेल्या बाईला पुढचा विचार छळणारच.

हे सगळं कळतं ते त्यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनामुळे. 1944 साली ते प्रसिद्ध झालं. संपादन केलं ते धाकट्या सूनबाई कावेरी कर्वे यांनी. भास्कर आणि कावेरीबाईंनी हिंगण्याच्या संस्थेतच काम केलं. पुस्तकाची भाषा कोकणी वळणाची, रोखठोक. नवऱ्याबद्दल आदर आहे, पण तक्रारी गिळलेल्या नाहीत. वसंत कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’ या 1972 च्या नाटकातली बयो अनेकांना याच घराची आठवण करून देते, आणि शांता जोगांनी रंगवलेली ती बयो लोक विसरले नाहीत. तरी मला पुस्तकातल्या बाया अधिक मोठ्या वाटतात. त्या कुणाची सावली नाहीत. त्या स्वतःचा निवाडा स्वतः करतात.

शंकर डॉक्टर होऊन मोंबासाला स्थायिक झाले. दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी इरावती. आठव्या वर्षी लग्न झालेल्या बाईची सून बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आली, हे एकाच पिढीचं अंतर. 1950 साली, पंचाऐंशीच्या आसपास, बाया गेल्या तेव्हा नात गौरी आठ वर्षांची होती. हीच पुढे कथालेखिका गौरी देशपांडे. थोरली नात जाई निंबकर लेखिका झाली, नातू आनंद कर्वे शास्त्रज्ञ. नातवंडांच्या कर्तृत्वाचं श्रेय आजीला देण्याची आपल्याकडे हौस फार. तसा दावा मी करणार नाही. एवढं मात्र खरं, की ज्या घरात विधवा, पुनर्विवाहितांची मुलं आणि पोटची मुलं एकाच पंगतीला जेवली, त्याच घरात या नातवंडांचे वडील वाढले.

दिनकररावांनी आईच्या आत्मकथनातला भाग इंग्रजीत आणून 1963 साली ‘द न्यू ब्राह्मन्स’ या आपल्या पुस्तकात घातला. त्यामुळे परदेशातले समाजशास्त्राचे विद्यार्थी बायांना ओळखू लागले. हिंगण्याची संस्था आज कर्वेनगरात दिमाखात उभी आहे, आणि दर दिवाळीला तिच्या भाऊबीज निधीसाठी आपल्यातले कितीतरी जण पैसे देतात. तो निधी देणाऱ्या घरांत कर्व्यांचं आत्मवृत्त सापडतं, ‘माझे पुराण’ क्वचितच. ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली, तर एकाच संसाराचे दोन जमाखर्च समोर येतात आणि बायांच्या वहीतला खर्चाचा रकाना जास्त भरलेला दिसतो.